सूर ऐकल्याशिवाय पेटी घेऊ नये

गिरगावातील ज्या पिढ्यांनी ऑपेरा हाउसजवळच्या, १९२५ साली प्रा. बी. आर. देवधरांनी स्थापन केलेल्या संगीतविद्यालयात गळा घडविला, लक्ष्मीबागेतील बैठकी ऐकल्या आणि ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात रात्री जागविल्या, त्या पिढ्यांमध्ये वाद्यखरेदी हा एकट्याने उरकावयाचा व्यवहार कधीच नव्हता. गुरुजींना, किंवा निदान पेटीवर हात असलेल्या एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला बरोबर घ्यावयाचे, दादरच्या वा गिरगावच्या दुकानात चार-सहा पेट्या समोर मांडून घ्यावयाच्या, प्रत्येकीचा भाता मारून खर्जापासून तारापर्यंत एकेक सूर कानाने तपासावयाचा, मग इसार देऊन पावती घ्यावयाची आणि तरीही पेटी घरी आल्यावर एखादी पट्टी अडकू लागली तर त्याच दुकानदाराच्या दारी जाऊन हक्काने तक्रार करावयाची, अशी ती रीत होती. लालबाग-परळच्या भजनी मंडळांतही पेटी विकत घेण्याचा अधिकार बुवांचा असे. वर्गणी साऱ्या चाळीची, परंतु निवाडा बुवांच्या कानाचा. विकणारा कोठे बसतो हे ठाऊक आणि घेणाऱ्याच्या बाजूला एक तयार कान हजर, या दोन गोष्टींमुळे लबाडीला त्या व्यवहारात फारसा वाव उरत नसे.

आज परिस्थिती पालटली आहे. गिरगाव-काळबादेवीच्या कित्येक इमारती मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी पाडल्या गेल्या, नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि १९८२च्या संपानंतर गिरणगावातून जी कुटुंबे डोंबिवली-विरारकडे वा थेट गावी गेली त्यांच्या माळ्यांवरील सामानसुमान अजून कोठे ना कोठे बाहेर पडतच आहे. आजोबांची पेटी, आत्याचा तंबोरा, चुलत्यांचा डग्गा या वस्तू नव्या सदनिकेत मावत नाहीत. त्या भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून जुन्या मालाच्या संकेतस्थळांवर विक्रीस मांडल्या जातात. हे घडणे वाईट नाही. नवी चांगली पेटी ज्याच्या ऐपतीबाहेर आहे अशा विद्यार्थ्याला जुनी पेटी निम्म्या दामात मिळावी, यासारखी समाधानाची गोष्ट नाही. परंतु याच खऱ्या जाहिरातींच्या आडोशाने बनावट जाहिरातींचा सुळसुळाट होतो आणि त्यांना बळी पडणारी माणसे बहुधा पैशाने बेताची व संगीतावर मनापासून प्रेम करणारी असतात. म्हणूनच या विषयाकडे किरकोळ फसवणूक म्हणून पाहणे मला मान्य नाही. माझे म्हणणे असे की, या बाजारात वाद्याचे नाव विकले जाते; नाव, वय आणि घराणे यांवर किंमत चढते, आणि ज्यासाठी वाद्य घ्यावयाचे तो नाद मात्र व्यवहाराच्या बाहेरच राहतो. लबाडीचे सारे भांडवल या एका उणिवेत आहे.

अशा जाहिरातीचा मजकूर नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावा. ‘शंभर वर्षे जुनी अस्सल पेटी, पॅरिसचे सूर, हस्तिदंती पट्ट्या, एका थोर नाट्यगायकाच्या साथीदाराने वापरलेली, घर रिकामे करावयाचे असल्यामुळे तातडीने विकणे आहे, आजच इसार पाठवील त्यास प्राधान्य.’ सोबत तीन छायाचित्रे: एक समोरून, एक तिरकस आणि एक नावाच्या पितळी पट्टीचे. आतला भाग एकाही चित्रात नाही. मजकुरातील सहा विधानांपैकी चार विधाने अशी आहेत की, ती चित्रावरून पडताळताच येऊ नयेत. पाचवे, म्हणजे हस्तिदंताचे, खरे असेल तर विक्रेत्याला कायद्याच्या कक्षेत ओढणारे. आणि सहावे, घाईचे, हे तर खरेदीदाराच्या विवेकावर केलेले सरळ आक्रमण. ‘थोर गायकाच्या साथीदाराने वापरलेली’ या शब्दांना पत्र, पावती, जुने छायाचित्र यांपैकी कशाचाही आधार नसेल तर त्यांचे मूल्य शून्य समजावे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या आठवणी मराठी घरांत अजून जिवंत आहेत, गोविंदराव टेंबे यांचे नाव घेताच हात जोडले जातात. या आदराचाच तारण म्हणून उपयोग करून लबाड विक्रेता पैसे उचलतो.

‘पॅरिसचे सूर’ आणि ‘जर्मन सूर’ या शब्दांना एवढी मोहिनी का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हार्मोनियम ही मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने पायपेटीची हातपेटी केली आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या आपल्या समाजाला ती तत्काळ मानवली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले व ते १९७१पर्यंत फारसे उघडले नाही, तरी गिरगावच्या गाण्याच्या वर्गांनी, दादरच्या नाट्यसंगीताच्या मैफलींनी आणि परळ-लालबागेत डबलबारीच्या भजनाला लोटणाऱ्या कोकणी श्रोत्यांनी तिला एक दिवसही अंतर दिले नाही. पेटीचा सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाने रिव्हेट मारून बसविलेली पितळेची पातळ जीभ. हे सूर आरंभी पॅरिसहून व जर्मनीहून येत. पुढे महायुद्ध आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे तो ओघ आटला आणि गुजरातेतील भावनगरजवळच्या पालिताण्याच्या कारागिरांनी ती उणीव भरून काढली. आजच्या बहुतेक पेट्यांत पालिताण्याचेच सूर वाजतात आणि त्यांतले निवडक सूर जाणकाराने जुळविले म्हणजे कोणत्याही मैफलीला शोभतील असे असतात. जुने विलायती सूर दुर्मिळ आहेत हे खरे; परंतु दुर्मिळपणा म्हणजे गोडवा नव्हे, आणि नीट न राखलेला जर्मन सूर चांगल्या देशी सुरापुढे फिका पडतो, हे कोणताही पेटी दुरुस्त करणारा माणूस निःसंकोच सांगेल.

आता पेटी उघडून पाहू, कारण सत्य आत असते. वरची जाळी आणि झाकण काढले की पट्ट्या दिसतात. पट्ट्यांचा भाग बाजूला केला की सुरांची लाकडी फळी दिसते, आणि जाहिरातदाराकडून मागावयाचे पहिले छायाचित्र या फळीचे, दोन्ही बाजूंनी, स्वच्छ उजेडात काढलेले. तिच्यावर सूर ओळीने स्क्रूंनी बसविलेले असतात. साठ-सत्तर वर्षे मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या पितळेला एकसारखा काळपट तपकिरी रंग चढतो. फळी जुनी आणि सूर सोन्यासारखे झळाळणारे, असे दिसले तर सूर अलीकडे बदलले आहेत हे उघड होय. सूर बदलले असतील तर स्क्रूंची जुनी भोके बुजविल्याच्या खुणा, लाकडी गुल्ल्या, नव्या सुराची चौकट आणि जुनी खाच यांतील फट, या गोष्टी लपत नाहीत. सूर बदलणे हा गुन्हा नाही; बदलून ‘मूळचे’ म्हणणे हा गुन्हा आहे. यापुढची परीक्षा जिभेची. सूर चढवावयाचा तर जिभेचे टोक खरवडतात, उतरवावयाचा तर मुळाजवळ खरवडतात. प्रत्येक जुळवणीच्या वेळी थोडे पितळ जाते आणि पुन्हा येत नाही. ज्या सुरांवर टोकाला आणि मुळाला असे दोन्हीकडे खोल ओरखडे आहेत ते सूर अनेकदा वरखाली झालेले, दमलेले असतात, आणि नेमका मध्यसप्तकातला, रोजच्या वापरातला षड्ज किंवा पंचम असा दमलेला असला तर पेटी कितीही नामांकित असो, ती घेऊ नये. भात्याचीही अशीच परीक्षा आहे. स्टॉप उघडे ठेवून, एकही पट्टी न दाबता भाता मारावा. सूर आपोआप वाजू लागला तर पट्टीखालची गादी किंवा स्प्रिंग गेलेली आहे, आणि नुसता वाऱ्याचा फुसफुसाट ऐकू आला तर हवा कोठेतरी निसटते आहे. विक्रेत्याने ही दोन मिनिटांची परीक्षा चित्रफितीवर दाखविण्यास का कू करावी? ज्याच्या हातात खरोखर पेटी आहे त्याला यात कसलीच अडचण नाही. ज्याच्या हातात केवळ दुसऱ्याच्या पेटीची छायाचित्रे आहेत त्याची मात्र याच ठिकाणी पंचाईत होते, आणि म्हणून ही मागणी खऱ्याखोट्याची पहिली चाळणी ठरते.

तंबोऱ्याची गोष्ट याहून नाजूक. मिरजेच्या तंतुवाद्यांचा लौकिक दीडशे वर्षांहून जुना आहे. तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम आरंभिले, पटवर्धन संस्थानिकांचा त्यास आश्रय मिळाला आणि पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या अलौकिक कानाच्या गवयाच्या सहवासाने तेथील तंबोऱ्याला तो गंभीर, भरलेला नाद लाभला. पंढरपूरच्या आसपास पिकणारा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात यांचे ते फळ आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे ‘मिरज’ या शब्दाला आता कायद्याचेही संरक्षण आहे. साहजिकच, अन्यत्र बनविलेला वा फायबरच्या तुंब्याचा तंबोरा ‘मिरजेचा’ म्हणून खपविण्याचा मोहही वाढणारच. येथे मोजमापाची पट्टी फार उपयोगी पडते: पुरुषी तंबोरा सुमारे पाच फूट लांब असतो आणि भोपळ्याचा घेर चित्रात डोळ्यांनी नीट समजत नाही, तेव्हा भोपळ्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळून छायाचित्र मागावे. भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यावर कोरलेल्या नक्षीच्या पानांखाली तडे दडविले जातात. लाकडाचा भुसा आणि डिंक भरून वर गडद पॉलिश चढविले की वरवर काही दिसत नाही. दांडी तारांच्या ओढीने पुढे वाकली आहे की काय, हे समोरच्या छायाचित्रातून कधीच कळणार नाही. बाजूने, खुंट्यांपासून घोडीपर्यंत सरळ रेषेत काढलेले चित्र हवे. आणि जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारी तारांची ती झणकार? ती तर दूरध्वनीवर ऐकून ठरविणे निव्वळ अशक्य. बोलण्यासाठी घडविलेली भ्रमणध्वनीची यंत्रणा अखंड चालणाऱ्या एकसारख्या आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकते, म्हणजे तंबोऱ्याचा प्राण जो अखंड नाद तोच ती गाळते. तंबोरा दूरवरून घेणे म्हणजे केवळ लाकूड घेणे होय, असे मी तरी मानतो. प्रत्यक्ष मांडीवर घेऊन, षड्ज मिळवून, घोडीवरचा धागा सरकवून पाहिल्यावाचून त्याचा दर ठरूच नये.

जाहिरातदाराचे शब्द पुष्कळदा त्याच्याच विरुद्ध साक्ष देतात, आणि आपल्या वाचकांचे याकडे पुरेसे लक्ष नाही. ‘हस्तिदंती नक्षी’, ‘सांबरशिंगाची घोडी’ असे अभिमानाने लिहिणाऱ्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची आणि १९८६ व १९९१च्या सुधारणांची कल्पना नसते, किंवा असून तो ती दडवितो. हस्तिदंताचा व्यापार या देशात बंद आहे, आणि जुने वाद्य म्हणून त्यास सूट आहे असे समजण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात अशा जाहिरातींतील ‘हस्तिदंत’ अनेकदा उंटाचे हाड किंवा सेल्युलॉइड असते. म्हणजे विधान खोटे असेल तर फसवणूक, आणि खरे असेल तर गुन्ह्याचा माल घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार. हीच गत ‘सव्वाशे वर्षे जुना तंबोरा, जगभर कोठेही पाठवू’ या आश्वासनाची. १९७६ साली अंमलात आलेल्या पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून अधिक वयाची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तिची खाजगी निर्यात करता येत नाही. अमेरिकेत वा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलांसाठी ‘गावाकडचा जुना तंबोरा’ हवा असतो, त्या भावनेस मी नावे ठेवीत नाही. परंतु जो विक्रेता एका ओळीत वाद्याचे वय सव्वाशे सांगतो आणि दुसऱ्या ओळीत ते परदेशी पाठविण्याचे वचन देतो, त्याने सांगितलेले वय तरी खोटे आहे किंवा वचन तरी, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर मिळणाऱ्या चकचकीत पितळी भोंग्याच्या ग्रामोफोनांनी, म्हणजे एका जुन्या सुटसुटीत यंत्राचा चक्राकार भाग नव्या खोक्यात बसवून वर कुत्र्याचे चित्र चिकटविलेल्या नकलांनी, परदेशी संग्राहकांमध्ये मुंबईच्या जुन्या मालाची पत कशी घालविली, हे तो व्यापार पाहणाऱ्यांस ठाऊक आहे. वाद्यांच्या बाबतीत तीच नामुष्की ओढवू नये.

नावाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याचा रोग केवळ आपल्याकडचा नाही. धोबीतलावच्या गोमंतकीय वादकांच्या काळापासून मुंबईत व्हायोलिनचा राबता आहे, आणि जुन्या व्हायोलिनच्या पोटात क्रेमोनाच्या अंतोनियो स्त्रादिवारी यांच्या नावाची लॅटिन चिठ्ठी पाहून हुरळून जाणारे आजही भेटतात. स्त्रादिवारी १७३७ साली निवर्तले. त्यांची उरलेली वाद्ये जगात सहाशेच्या आसपास आहेत, तर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या जर्मनीतील कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात सर्रास हजारो स्वस्त व्हायोलिनांत चिकटविल्या. व्हिएन्नाच्या दीत्मार माखोल्ड नावाच्या विख्यात व्यापाऱ्याने तर सामान्य व्हायोलिने थोर कारागिरांची म्हणून बँकांकडे तारण ठेवून कर्जे उचलली आणि २०१२ साली त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. पेढ्या चालविणाऱ्या मुरब्बी बँकांची जेथे ही अवस्था, तेथे लालबागच्या भजनी मंडळाच्या खजिनदाराला दोष कसा द्यावा?

आतापर्यंत ज्या लबाडीचे वर्णन केले तीत निदान वाद्य तरी अस्तित्वात असते. दुसरा प्रकार असा की, वाद्यच नसते. दुसऱ्याच्या जाहिरातीतून किंवा दुकानाच्या पानावरून उचललेली छायाचित्रे, बाजारभावाच्या तृतीयांश किंमत, विक्रेता लष्करात वा निमलष्करी दलात असून त्याची बदली झाली आहे अशी बतावणी, ओळखपत्राची प्रत आपणहून पाठविण्याची तत्परता, आणि ‘वाद्य गाडीत चढविले आहे, तेवढे वाहतुकीचे पैसे पाठवा’ हा निरोप. मग विम्याचे पैसे, मग परत मिळणाऱ्या अनामतीचे पैसे. एकदा पहिली रक्कम गेली की ती वाचविण्याच्या आशेने माणूस दुसरी पाठवितो, आणि लबाडाचा खरा नफा या दुसऱ्या-तिसऱ्या रकमेत असतो. जो आपली पेटी विकावयास बसला आहे त्याचीही सुटका नाही: ‘पैसे पाठवितो, हा संकेत स्कॅन करून आपला गुप्त पिन टाका’ असे सांगून त्याच्याच खात्यातून रक्कम काढून घेतली जाते. पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे एक वाक्य घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाकडून पाठ करवून घ्यावे. छायाचित्रांबाबत उपाय सोपा आहे; चित्र उलट शोधून पाहिले की तीच पेटी इंदूर, नागपूर आणि दादर अशा तीन शहरांत एकाच वेळी विक्रीस असल्याचे कित्येकदा उघड होते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कागदावर आपले नाव आणि आजची तारीख लिहावयास सांगून तो कागद उघड्या पेटीच्या सुरांवर ठेवलेले छायाचित्र मागविणे. आणि फसगत झालीच तर लाज बाळगून गप्प न बसता तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ती गोठविता येते, आणि येथे तास नव्हे, मिनिटे मोलाची असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद नोंदविण्याचा मार्गही मोकळा आहे.

तिसरा प्रकार भाव फुगविण्याचा. मुंबईच्याच बाझी डॉट कॉम या संकेतस्थळाने २००० सालापासून आपल्या लोकांना संगणकावर बोली लावावयास शिकविले. २००४ साली अमेरिकेच्या ईबेने ते विकत घेतले आणि २०१८ साली ईबेची भारतीय शाखा बंद झाली. लिलाव असे रूढ अर्थाने आता थोडेच होतात, परंतु ‘माझ्याकडे दुसरे गिऱ्हाईक जास्त देत आहे’ असे सांगून भाव चढविण्याची जी युक्ती आहे ती लिलावातील खोट्या बोलीचीच दुसरी आवृत्ती होय. मालविक्री अधिनियम, १९३० या जुन्या व अजूनही जागत्या कायद्याने लिलावात भाव फुगविण्यासाठी खोटी बोली लावल्यास तो सौदा रद्द करण्याचा अधिकार खरेदीदारास दिलेला आहे. तसेच वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे ही अट, लिहिलेली असो वा नसो, सौद्यात अंतर्भूत मानलेली आहे. म्हणून जाहिरातीचा मजकूर, चित्रे आणि आपापसांतील संदेश हे सारे दस्तऐवज समजून पैसे देण्यापूर्वीच जतन करून ठेवावे. व्यवहार होताच जाहिरात नाहीशी होते आणि मग ‘मी जर्मन सूर असे म्हटलेच नव्हते’ या उत्तराला तोड राहत नाही.

परंतु सारा भार खरेदीदाराच्या सावधपणावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी संकेतस्थळांवर तक्रार अधिकारी नेमण्याचे, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच देण्याचे व महिन्यात तिचा निकाल लावण्याचे बंधन घातले हे योग्यच झाले. मात्र जी व्यक्ती व्यवसाय म्हणून नव्हे तर खाजगीरीत्या एखादी वस्तू विकते तिला हे नियम लागू नाहीत. आजोबांची एकुलती एक पेटी विकणाऱ्या माणसाला ही सूट हवीच. परंतु वर्षाकाठी पंधरा-वीस ‘आजोबांच्या पेट्या’ निरनिराळ्या नावांनी विकणारा दलालही याच सवलतीच्या आड उभा राहतो, आणि तो कोण हे संकेतस्थळाच्या दप्तरी नोंदलेले असूनही त्याला कोणी विचारीत नाही. वारंवार विकणाऱ्याला व्यापारी म्हणून जाहीर करणे, वाद्याच्या जाहिरातीसाठी आतील भागाचे छायाचित्र सक्तीचे करणे, आणि माल पाहून पसंत पडेपर्यंत खरेदीदाराची रक्कम मध्यस्थ म्हणून स्वतःकडे राखून ठेवणे, ही तीन कामे संकेतस्थळांना अवघड नाहीत. या व्यवहारांतून त्यांना दलाली आणि जाहिरातींचे उत्पन्न मिळते तोवर जबाबदारीही त्यांनी घ्यावी. शासनाच्या ग्राहक खात्याने हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

कारागिरांकडेही एक मागणे आहे. १९२५पासून पेट्या बनविणाऱ्या दादरच्या हरिभाऊ विश्वनाथांसारख्या जुन्या पेढ्या, १८६५पासून धोबीतलावला उभे असलेले फुर्टाडोंचे दुकान, मिरजेचे तंतुवाद्यकार, आणि गल्लीबोळांत पेट्यांचे सूर जुळविणारे कसबी हात, यांनी रास्त शुल्क घेऊन जुन्या वाद्याचा लेखी दाखला देण्याची प्रथा पाडावी: सूर कोणते, किती बदललेले, भाता कोणत्या स्थितीत, भोपळ्याला तडे आहेत किंवा नाहीत, आणि तारीख व सही. असा एक पानाचा दाखला ज्या वाद्यासोबत नाही ते वाद्य लोकांनी स्वस्तात मागावे. बाजाराला ही भाषा लवकर समजते.

ज्यांच्या घरात अशी पेटी वा तंबोरा आज पडून आहे त्यांना विनंती एवढीच की, विकावयाचे ठरविलेत तर जाहिरातीत घराण्याचा गौरव लिहिण्याऐवजी झाकण काढलेल्या सुरांच्या फळीचे छायाचित्र द्या, कोणती दुरुस्ती कधी केली ते लिहा आणि घेणाऱ्याला घरी बोलावून निवांत वाजवू द्या. आणि घेणाऱ्यांनी, मग ते शिवडीचे भजनी मंडळ असो की न्यू जर्सीतील मुलीचे आईबाप, जाणता कान सोबत घेतल्यावाचून, तो स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने आपल्या वतीने नेमलेला मुंबईतील एखादा पेटीवाला प्रत्यक्ष जाऊन पाहून आल्यावाचून, एक रुपयाही इसार म्हणून पाठवू नये.